बरोबरीची कोंडी : अमेरिकन महाविद्यालयीन लॅक्रोसमधील क्रमनिर्णयाचा इतिहास

खेळाच्या स्पर्धेतील गुणतक्ता हे इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी हाती घेत नाही. सामन्यांचे निकाल नोंदले जातात, विजेत्यांची नावे चषकावर कोरली जातात आणि हंगाम संपला की तक्ता विस्मरणात जातो. तथापि दोन किंवा अधिक संघांचे जय-पराजय सारखे भरले म्हणजे त्यांतील वरचा कोणता हे ठरविण्यासाठी प्रत्येक संस्थेला काही ना काही नियम करावा लागतो, आणि तो नियम करताना ‘श्रेष्ठ’ म्हणजे काय ह्याविषयी त्या संस्थेची जी समजूत असते ती नकळत उघड होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन लॅक्रोस हा खेळ ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ह्या खेळात जवळजवळ नव्वद वर्षे बरोबरी ही सोडविण्याची गोष्टच मानली जात नव्हती. पुढे अवघ्या काही दशकांत ती सोडविल्यावाचून एक पाऊलही टाकता येऊ नये अशी स्थिती आली. हा पालट कसा घडला, हा येथे विचाराचा विषय आहे. विवेचन पुरुषांच्या मैदानी लॅक्रोसपुरते मर्यादित आहे.

मराठी वाचकाला हा खेळ फारसा परिचित नसल्यामुळे प्रथम थोडे त्याविषयी. टोकाशी जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलावयाचा, वाहून न्यावयाचा आणि प्रतिपक्षाच्या गोलात फेकावयाचा, असे ह्या खेळाचे स्वरूप आहे. एका बाजूस दहा खेळाडू असतात. खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा. फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात तो पाहिला, आणि त्यातील काठीला फ्रेंच भाषेतील जे नाव पडले तेच पुढे खेळाचे नाव झाले. माँट्रिअलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स ह्यांनी १८६७ साली त्याचे लिखित नियम प्रसिद्ध केले. ह्या आरंभीच्या नियमांत एक मौज आहे. त्यांत प्रत्येक गोल म्हणजे एक स्वतंत्र ‘डाव’ मानला असून पाचांपैकी तीन डाव जिंकणारा पक्ष सामना जिंकतो असे ठरविले होते. खेळ पुरा झाला तर बरोबरी संभवतच नाही. म्हणजे सामन्याच्या पातळीवर हा खेळ जन्मापासूनच निकाली होता; आजही नियमित वेळेअंती गोल सारखे असल्यास जादा वेळ दिला जातो आणि पहिला गोल होताच सामना संपतो. कोंडी निर्माण होते ती मैदानावर नव्हे, तक्त्यात.

महाविद्यालयांमध्ये हा खेळ १८७७ साली आला. न्यूयॉर्क विद्यापीठ व मॅनहॅटन कॉलेज ह्यांच्यातील त्या वर्षीचा सामना पहिला आंतर-महाविद्यालयीन सामना समजला जातो. १८८१ साली चार महाविद्यालयांची बाद पद्धतीची स्पर्धा न्यूयॉर्क येथे झाली आणि अंतिम सामन्यात हार्वर्डने प्रिन्स्टनला हरविले. बाद पद्धतीत क्रमाचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण प्रत्येक सामन्यागणिक एक संघ नाहीसा होतो. परंतु पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, महाविद्यालयांची संघटना स्थापन झाली आणि हंगामभर परस्परांशी खेळण्याची प्रथा रुळू लागली. मराठीत ज्याला आपण ‘साखळी’ म्हणतो ती पद्धती हीच. हा शब्द मोठा समर्पक आहे. साखळीत प्रत्येक कडी दुसरीत अडकलेली असते, आणि कोणत्या कडीला पहिली म्हणावे हे साखळीकडे पाहून नेहमीच सांगता येते असे नाही.

१९२६ पासून ‘युनायटेड स्टेट्स इंटरकॉलेजिएट लॅक्रोस असोसिएशन’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेच्या अमदानीत राष्ट्रीय विजेता ठरत असे तो कोणत्याही अंतिम सामन्याने नव्हे. हंगाम संपल्यावर संघांच्या कामगिरीचा विचार करून संघटना आपला निर्णय जाहीर करीत असे. १९३६ पासून ह्या विजेत्याला बाल्टिमोरचे क्रीडा-वार्ताहर विंगेट ह्यांच्या स्मरणार्थ चषक दिला जाऊ लागला. ह्या चषकाच्या विजेत्यांची यादी वाचताना एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरते. १९५९ साली आर्मी, जॉन्स हॉपकिन्स आणि मेरीलँड असे तीन विजेते आहेत. १९६१ साली आर्मी व नेव्ही हे दोन आहेत. १९६७ साली पुन्हा तीन : जॉन्स हॉपकिन्स, मेरीलँड आणि नेव्ही. १९६९ साली आर्मी व जॉन्स हॉपकिन्स. १९७० साली जॉन्स हॉपकिन्स, नेव्ही आणि व्हर्जिनिया. अखेरच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे विजेतेपद विभागून दिले गेले. एकट्या १९६८ सालीच ते जॉन्स हॉपकिन्सला निर्भेळ मिळाले.

आजच्या वाचकाला हा दुबळेपणा वाटण्याचा संभव आहे. संघटनेला निर्णय घेता आला नाही म्हणून तिने तो टाळला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हे त्या काळावर अन्याय करणारे ठरेल. त्या काळी तक्त्याच्या शेवटी जे मिळावयाचे ते मान होते, आणि मान ही विभाज्य वस्तू आहे. तीन महाविद्यालयांना एकाच वर्षीचे विजेते म्हटल्याने कोणाचे काही हिरावले जात नव्हते. कोणाचा पुढचा सामना अडत नव्हता, कारण पुढचा सामना नव्हताच. उलट, समान कामगिरीच्या संघांत ओढूनताणून उच्चनीच ठरविणे हेच अप्रामाणिक समजले जाण्याची शक्यता होती. म्हणून त्या व्यवस्थेला कोंडी फोडण्याच्या नियमाची गरज भासली नाही.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत बरोबरीसाठी जो ‘टाय’ शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थ बांधणे, गाठ मारणे असा आहे. दोन प्रतिस्पर्धी एका गाठीत बांधले गेले आहेत अशी ती कल्पना. गाठ सोडविता येते. परंतु क्रीडाक्षेत्रातील इंग्रजी तिला सोडवीत नाही, ‘तोडते’. मराठी वृत्तपत्री भाषेने ‘बरोबरीची कोंडी फुटली’ असा प्रयोग रूढ केला आहे, आणि त्यात गाठीऐवजी अडलेल्या वाटेची प्रतिमा आहे. ‘बरोबरी’ हा शब्द स्वतः मात्र मुळीच अडचणीचा सूचक नाही. तो समतेचा, तोलाचा शब्द आहे. ‘त्याची बरोबरी कोण करणार’ ह्या वाक्यात तर तो गौरवाचाच आहे. १९७० पर्यंतच्या लॅक्रोसमधील स्थिती ‘बरोबरी’ ह्या शब्दाने चांगली व्यक्त होते. नंतरची स्थिती ‘कोंडी’ ह्या शब्दाने.

१९७१ साली नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ह्या सर्वक्रीडा-संघटनेने लॅक्रोसची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. निवडलेले आठ संघ बाद पद्धतीने खेळले आणि न्यूयॉर्क राज्यातील हेम्पस्टेड येथे, हॉफस्ट्रा विद्यापीठाच्या मैदानावर, कॉर्नेलने मेरीलँडचा १२–६ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. लागोपाठच्या विभागलेल्या विजेतेपदांमुळेच ही स्पर्धा आली असे म्हणणे घाईचे होईल. इतर खेळांतही त्या सुमारास राष्ट्रीय स्पर्धांचा विस्तार होत होता. पण परिणाम निःसंदिग्ध आहे. विजेता आता एकच राहणार होता, आणि तो मैदानावर ठरणार होता. बरोबरीचा प्रश्न मिटला असे ह्यावरून वाटेल. वस्तुतः तो मिटला नाही, एक पायरी खाली सरकला. विजेता कोण हा प्रश्न जाऊन आठांत कोण हा प्रश्न आला. आणि मान जसा विभाज्य आहे तशी जागा नाही. आठव्या जागेवर दोन संघ बसू शकत नाहीत.

जागांची संख्या पुढे वाढत गेली. १९८७ साली बारा, २००३ साली सोळा, आणि २०१४ मध्ये प्राथमिक सामने धरून अठरा. मात्र ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ह्या जागांपैकी काही कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव ठेवण्यात आल्या. कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघटित गट. आयव्ही लीगमध्ये पुरुषांच्या लॅक्रोसचे सात संघ आहेत, कारण आठवे सदस्य कोलंबिया हा खेळ विद्यापीठ-पातळीवर खेळत नाही. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नोत्र दाम, सिरॅक्यूज व व्हर्जिनिया असे पाच आहेत. मेरीलँड २०१४ मध्ये त्यातून बाहेर पडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेले, आणि २०१५ च्या हंगामापासून तेथे सहा संघांचा लॅक्रोस गट सुरू झाला.

ह्या सहांत जॉन्स हॉपकिन्सचे नाव यावे ही गोष्ट जुन्या जाणकारांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. १८८३ पासून हा खेळ खेळणारे हे विद्यापीठ शतकाहून अधिक काळ कोणत्याही गटाचे सदस्य नव्हते. स्वतंत्र राहून, आपल्या मर्जीप्रमाणे तुल्यबळ प्रतिस्पर्धी निवडून, केवळ कामगिरीच्या बळावर राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळविणे ही त्याची परंपरा होती, आणि १९७२ ते २०१२ ह्या सलग एकेचाळीस वर्षांत ती एकदाही खंडित झाली नाही. २०१३ साली हॉपकिन्सला नऊ विजय व पाच पराभव अशा कामगिरीवर स्थान मिळाले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष रोनाल्ड डॅनियल्स ह्यांनी स्वातंत्र्य सोडून कॉन्फरन्समध्ये प्रवेश करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि पुढे २०१५ च्या पहिल्याच हंगामात हॉपकिन्सने बिग टेनची स्पर्धा जिंकली. गटाबाहेरच्या संघाला निवड समितीच्या तुलनेवर विसंबावे लागते. गटातील संघाला निदान एक दार असे असते की जे जिंकून उघडता येते. विद्यापीठांनी गट धरावा ह्यासाठी ही एकच गोष्ट पुरेशी होती. मात्र गट धरला की गुणतक्ता आला, आणि गुणतक्ता आला की बरोबरी आली.

ती किती वेळा येते, ह्याचा हिशेब सोपा असूनही तो क्वचितच मांडला जातो. पाच संघ प्रत्येकी एकदा परस्परांशी खेळले तर एकूण दहा सामने होतात. प्रत्येक सामन्याचे निकाल दोनच संभवतात, कारण अनिर्णित सामना नाही. तेव्हा संपूर्ण तक्त्याचे २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ प्रकार होतात. ह्यांपैकी ज्यांत कोणत्याही दोन संघांचे विजय सारखे नाहीत असे प्रकार केवळ १२० आहेत. सर्व संघ तुल्यबळ मानले तर पाच संघांच्या गटात कोठे ना कोठे बरोबरी होण्याची संभाव्यता ८८ टक्क्यांहून अधिक भरते. सहा संघांच्या गटात पूर्णपणे स्पष्ट तक्ता सुमारे पंचेचाळीस हंगामांतून एकदा निघेल. सात संघांच्या गटात चारशे सोळांतून एकदा. प्रत्यक्षात संघ तुल्यबळ नसतात आणि त्यामुळे हे प्रमाण काहीसे उतरते, हे खरे. परंतु मूळ मुद्दा त्याने बदलत नाही. हंगामाच्या शेवटी वृत्तपत्रे ज्या बरोबरीचे वर्णन ‘अभूतपूर्व गुंता’ असे करतात ती गुणतक्त्याची सामान्य अवस्था आहे, आणि स्पष्ट तक्ता हाच अपवाद.

केवळ पहिल्या स्थानापुरते पाहिले तरी चित्र बोलके आहे. पाच संघांच्या गटात १०२४ पैकी ६०० प्रकारांत पहिला संघ एकटा असतो. उरलेल्या ४२४ प्रकारांत, म्हणजे सुमारे ४१ टक्के वेळा, पहिले स्थान वाटले जाते. त्यांतील ३६० प्रकार दोन संघांच्या बरोबरीचे, ४० तीन संघांच्या आणि २४ पाचही संघांच्या बरोबरीचे आहेत. चार संघांची बरोबरी पहिल्या स्थानावर होऊच शकत नाही, ही त्यातली एक गंमत. दोन संघांची बरोबरी असेल तर त्यांच्यातील सामना कोणी जिंकला हे पाहिले की काम भागते. तीन संघांच्या बरोबरीत मात्र हे चाळीसांपैकी एकाही प्रकारात साधत नाही. तिघांचे प्रत्येकी तीन विजय व्हावयाचे तर तिघांनीही उरलेल्या दोघांना हरविलेले असले पाहिजे आणि आपापसांत प्रत्येकाने एकच सामना जिंकलेला असला पाहिजे. क ने ख ला हरविले, ख ने ग ला, आणि ग ने क ला. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से ह्याने १७८५ साली मतदानाच्या संदर्भात दाखविलेले चक्र हेच होय. ह्या विषयावरील गणिताचा एक पाया, लँडाउ ह्याचा १९५३ सालचा सिद्धांत, खेळांच्या नव्हे तर प्राणिसमूहांतील वर्चस्वाच्या अभ्यासातून आला आहे. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचते ह्याचा तक्ता आणि लॅक्रोसचा गुणतक्ता ह्यांची रचना एकच आहे.

हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात ह्या संभाव्यतांना एक वेगळे रूप येते. सात संघांच्या गटात शेवटच्या शनिवारी तीन सामने उरले असतील तर आठ शक्यता राहतात. त्याआधीच्या आठवड्यात सहा सामने उरले असतील तर चौसष्ट. ह्या शक्यतांची जंत्री विद्यापीठांच्या क्रीडा-विभागांकडून आणि वार्ताहरांकडून प्रसिद्ध केली जाते, आणि तिची भाषा जवळजवळ केवळ संकेतार्थी वाक्यांची असते : अमुक जिंकला आणि तमुक हरला तर अमुक तिसरा, अमुक हरला तरी तमुकही हरला तर अमुक चौथा. ह्या वाक्यांतील ‘तर’ आणि ‘तरी’ ह्यांचे अंतर खेळाडूंच्या दृष्टीने फार मोठे आहे. ‘जिंकला तर’ ज्याचे स्थान निश्चित आहे आणि इतरांचे काहीही झाले तरी ते ढळत नाही, तो संघ आपल्या नशिबाचा धनी. ज्याच्या वाक्यात दुसऱ्याचे नाव आल्यावाचून राहत नाही त्याला स्वतः जिंकूनही दुसऱ्या गावच्या निकालाची वाट पाहावी लागते. एखादा संघ खरोखरच बाद झाला आहे की नाही हे केवळ तक्त्याकडे पाहून सांगणे दिसते तितके सोपे नाही. श्वार्ट्झ ह्याने १९६६ साली बेसबॉलच्या उदाहरणावरून हे दाखवून दिले : प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकेकटी तुलना केली असता जिवंत दिसणारा संघ, उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांमध्येच व्हावयाचे असल्यामुळे आणि त्यांतून कोणीतरी जिंकणे अटळ असल्यामुळे, वस्तुतः बाद झालेला असू शकतो.

आता प्रत्यक्ष नियमांकडे. गटागटांचे नियम भिन्न आहेत आणि ते वेळोवेळी बदलतात. तथापि त्यांची सामान्य घडण सारखी आहे. प्रथम परस्परांतील सामन्याचा निकाल. त्याने न सुटल्यास तक्त्यातील वरच्या संघांविरुद्धची कामगिरी, किंवा बरोबरीतील संघांच्या आपापसांतील सामन्यांचा गोलफरक. आणि काहीच उपाय न चालल्यास नाणेफेक अथवा चिठ्ठी. ही क्रमवारी वाचताना निःसंदिग्ध वाटते. ती तशी नाही, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

क, ख व ग ह्यांची बरोबरी झाली आहे असे समजा. क ने ख ला एका गोलाने हरविले, ख ने ग ला सहा गोलांनी आणि ग ने क ला दोन गोलांनी. आपापसांतील गोलफरक असा येतो : ख अधिक पाच, क उणे एक, ग उणे चार. ख पहिला, ह्याविषयी वाद नाही. दुसरा कोण? नियमाचा पाठ पुढे चालू ठेवला तर क दुसरा, कारण उणे एक हे उणे चारांपेक्षा बरे. परंतु ख बाजूला झाल्यावर उरलेल्या दोघांची बरोबरी ही आता दोन संघांची बरोबरी आहे, आणि दोन संघांच्या बरोबरीचा पहिला निकष परस्परांतील सामना हा आहे. तो ग ने जिंकलेला आहे. म्हणजे एकाच नियमाच्या एका वाचनाने क, तर दुसऱ्याने ग. सारा प्रश्न ‘नंतर’ ह्या एका क्रियाविशेषणाचा आहे : एक संघ वेगळा काढल्यानंतर पुढच्या निकषाकडे जावयाचे की पहिल्या निकषाकडे परतावयाचे? म्हणूनच बहुतेक नियमपुस्तकांत आज ह्याविषयी स्वतंत्र वाक्य घातलेले आढळते. अशा वाक्यांचा उगम सहसा एखाद्या वर्षीच्या कटकटीत असतो, असे मानावयास हरकत नाही.

गोलफरकाच्या निकषात आणखी एक दोष आहे. पराभूत संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत चेपत राहण्याचे ते आमंत्रण ठरते. महाविद्यालयीन खेळाच्या शिष्टाचारात हे बसत नाही, म्हणून काही नियमांत एका सामन्यातून मोजावयाच्या गोलफरकाला कमाल मर्यादा घालतात. वरच्याच उदाहरणात ही मर्यादा तीन गोलांची ठेवली तर ख चा फरक अधिक दोन, आणि क व ग ह्या दोघांचाही उणे एक होतो! शिष्टाचाराने एक कोंडी टाळावी तर दुसरी उभी राहते.

फरक मोजावा की गुणोत्तर, हा वाद लॅक्रोसबाहेरचा असला तरी त्याचा एक दाखला येथे उद्बोधक आहे. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२३–२४ च्या हंगामात हडर्सफील्ड व कार्डिफ ह्यांचे गुण सारखेच, ५७, झाले. हडर्सफील्डने ६० गोल करून ३३ स्वीकारले होते, कार्डिफने ६१ करून ३४. दोघांचाही फरक २७. परंतु त्या काळी केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागण्याची पद्धत होती, आणि तिने हडर्सफील्ड दशांशाच्या दुसऱ्या स्थानावरील फरकाने विजेता ठरला. नंतरच्या पद्धतीप्रमाणे फरक सारखा म्हणून अधिक गोल पाहिले असते तर चषक कार्डिफला गेला असता. क्रिकेटच्या धावगतीवर रात्र रात्र हिशेब मांडणाऱ्या आपल्याकडील रसिकाला ह्याचे अधिक विवरण नको.

ह्या सर्व गटांत आयव्ही लीगची रीत निराळी, आणि ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत लक्षणीय आहे. ह्या गटाने जुनी व नवी अशा दोन्ही समजुती एकाच वेळी जपल्या आहेत. नियमित हंगामात दोन किंवा अधिक संघ अग्रस्थानी आले तर ते सारेच विजेते म्हणून नोंदले जातात. तेथे कोंडी फोडली जात नाही. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत गटाच्या राखीव जागेवर कोणाला पाठवावयाचे, आणि २०१० साली सुरू झालेल्या गटांतर्गत चार संघांच्या स्पर्धेत कोणाचे मानांकन कितवे, हे ठरविताना मात्र बरोबरी सोडवावीच लागते. एकाच तक्त्याचे अशा रीतीने दोन अर्थ होतात. मानाच्या तक्त्यात दोन संघ शेजारी उभे असतात; जागेच्या तक्त्यात त्यांतील एक वर असतो. विंगेट चषकाच्या काळची विभाज्य मानाची कल्पना जिवंत राहिली आहे ती येथे, आणि जागेच्या प्रश्नापासून तिची फारकत केल्यामुळेच ती राहू शकली.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये हीच विभागणी वेगळ्या प्रकारे आणि बऱ्याच कडवटपणे समोर आली. राष्ट्रीय स्पर्धेतील राखीव जागेसाठी गटात किमान सहा संघ असावे लागत. ह्या गटात पाचच असल्यामुळे, देशातील अनेक बलाढ्य संघ त्यात असूनही, त्याच्या विजेत्याला तेव्हा राखीव जागा नव्हती. २०२२ साली ह्या गटाने अंतर्गत स्पर्धाही घेतली नाही. हंगामाच्या शेवटी व्हर्जिनिया व नोत्र दाम हे अग्रस्थानी बरोबरीत आले आणि दोघांनाही विभागून विजेते म्हटले गेले. १९६७ साल असते तर येथेच गोष्ट संपली असती.

परंतु आता निर्णय निवड समितीच्या हाती होता, आणि समितीसमोर गटाचा तक्ता हा अनेक कागदांपैकी एक होता. तिच्या कामात ज्या मापनाला वजन होते त्यात संघाच्या स्वतःच्या जय-पराजयाला एक चतुर्थांश, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला निम्मा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेला चतुर्थांश भाग असतो. म्हणजे संघाच्या मूल्यमापनाचा तीन चतुर्थांश भाग त्याने न खेळलेल्या सामन्यांतून येतो. गटाबाहेरच्या सामन्यांत एखाद्या गटाने एकत्रितपणे चांगले यश मिळविले की त्या गटातील सामने पुढे प्रत्येकाचेच मूल्य वाढवितात. उलट गटाबाहेर यश थोडे असेल तर अंतर्गत सामन्यांतील चुरशीचे माप पदरात पडत नाही. त्या वर्षी आयव्ही लीगच्या सातांपैकी सहा संघांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले : ब्राउन, कॉर्नेल, हार्वर्ड, पेन, प्रिन्स्टन व येल. अटलांटिक कोस्टमधून एकट्या व्हर्जिनियाला मिळाले.

नोत्र दामने आठ विजय व चार पराभव अशी कामगिरी केली होती, आणि गटात त्याच्यापुढे कोणीही नव्हते. समितीने आपल्या निकषांप्रमाणे काम केले नाही असे म्हणता येत नाही. निकषांनी जे मोजावयाचे ते मोजले. पण बरोबरीचे स्थान हे स्थानच नव्हे, असा त्या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ झाला. चार वर्षांच्या पात्रतेतील शेवटचे वर्ष खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विभागलेले विजेतेपद हीच हंगामाची अखेर ठरली. ड्यूकलाही त्या वर्षी वगळण्यात आले होते. पुढील वर्षी, २०२३ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फिया येथील राष्ट्रीय अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि नोत्र दामने ड्यूकला १३–९ असे हरवून आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.